बाळशास्त्री जांभेकर आणि दिशेचे गणित

बाळशास्त्री जांभेकर म्हटले की ‘दर्पण’ आठवते. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या या पहिल्या मराठी वृत्तपत्रामुळे तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. पण देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात १८१२ साली जन्मलेले बाळशास्त्री गणिताचे प्राध्यापकही होते. १८३४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. कॅल्क्युलससारखा अवघड विषयही त्यांनी ‘शून्यलब्धि’ या पुस्तकातून मराठीत आणला.

काही काळ कुलाबा वेधशाळेचा कारभारही त्यांच्याकडे होता. याच वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. होकायंत्राची सुई नेमकी उत्तर दाखवत नाही, थोडी कलते. हा कल ठाऊक नसेल तर जहाजाची वाट चुकते.

चुंबकीय नोंदींचे जाळे उभारणाऱ्यांत जर्मन गणितज्ञ गाउस अग्रभागी होते. संमिश्र संख्या कागदावर बिंदूने दाखवण्याची रीतही त्यांनीच १८३१ साली विशद केली. एका अक्षावर उत्तरेकडचे चुंबकीय बल आणि दुसऱ्यावर पूर्वेकडचे बल मांडले, की बिंदूकडे जाणारी रेषा पहिल्या अक्षाशी जो कोन करते, तो त्या संख्येचा ‘आर्ग्युमेंट’. सुईचा कल तोच.

हा कोन दोन बलांच्या भागाकारावरून काढतात आणि चूक तिथेच होते. दोन्ही भाग १ असले तर कोन ४५ अंश. दोन्ही उणे १ असले तरी भागाकार १च येतो. पण बिंदू विरुद्ध बाजूला असतो आणि कोन २२५ अंश होतो. म्हणून आधी चिन्हे पाहायची, मग भागाकार.

ईसीजीवरून हृदयाचा विद्युत अक्षही असाच ठरवतात. लीड एक आणि एव्हीएफ या दोन्हींतील मुख्य लहर वर असेल तर अक्ष सहसा ठीक असतो. दोन्ही खाली असतील तर वायर चुकीच्या जागी लागली आहे का, हे तपासावे लागते. तसे नसेल तर हृदयात गंभीर बिघाड असू शकतो.

१८४६ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी बाळशास्त्री गेले. कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी पुढे ट्रामच्या विजेमुळे अलिबागला हलवाव्या लागल्या. त्या आजही घेतल्या जातात.