चूक दाखवणारं पत्र सगळ्यांनी वाचलं, ज्यांना लिहिलं त्यांनाच मिळालं नाही: संत ऑगस्टिन आणि संत जेरोम यांच्या वादाची गोष्ट

एखाद्याची चूक लक्षात आणून द्यायला त्याला खासगी मेसेज करावा, तो त्याच्यापर्यंत पोहोचूच नये आणि त्याचा स्क्रीनशॉट मात्र सगळ्या ग्रुपवर फिरावा. आज हे रोज घडतं. पण 1600 वर्षांपूर्वी, जेव्हा पत्रं जहाजाने जायची, तेव्हाही हे घडलं होतं. तेही ख्रिस्ती जगातल्या दोन मोठ्या विद्वानांमध्ये.

त्यातले एक होते संत ऑगस्टिन.

ऑगस्टिन यांचा जन्म 354 सालचा. गाव थागास्ते, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. वडील पॅट्रिशियस, आई मोनिका. आई श्रद्धाळू ख्रिस्ती, पण मुलाला आपल्या हुशारीचा भारी अभिमान. बायबलची भाषा त्यांना साधी, अडाणी वाटायची. जवळजवळ 9 वर्षं ते मानी पंथाच्या नादात होते. आई समजावत होती, रडत होती, पण चिरंजीव ऐकायला तयार नव्हते.

384 साली वक्तृत्वाचे प्राध्यापक म्हणून ते मिलानला गेले. मागोमाग आईही आली. आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे मोनिका हुतात्म्यांच्या कबरींवर भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. तिथल्या द्वारपालाने तिला अडवलं, बिशप अँब्रोज यांनी याला मनाई केली आहे, असं सांगितलं. मोनिकाने वाद घातला नाही. आयुष्यभराची सवय तिने त्या दिवशी सोडून दिली. एका साध्या द्वारपालाचं बोलणं आईने इतक्या सहज मान्य केलं, याचं मुलाला नवल वाटलं. पुढे 'कन्फेशन्स' या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहूनही ठेवलं.

387 च्या ईस्टरला अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टिन यांचा बाप्तिस्मा झाला. 391 मध्ये ते हिप्पो शहरात धर्मगुरू झाले आणि काही वर्षांत तिथलेच बिशप.

याच सुमारास ते पत्र लिहिलं गेलं.

बेथलेहेमला तेव्हा संत जेरोम राहत होते. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे, वयाने आणि विद्वत्तेने मोठे, आणि तितकेच तापट. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात एक प्रसंग येतो. अंत्युखियात पेत्र आधी यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांसोबत जेवत होता. पण यरुशलेमहून काही माणसं आली तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने तो मागे सरला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. जेरोम यांचं म्हणणं होतं की हे भांडण खरं नव्हतं, लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी केलेलं ते नाटक होतं.

ऑगस्टिन यांना हे पटलं नाही. पवित्र शास्त्रात सोयीसाठी एक जरी खोटं मान्य केलं, तर उरलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता, पण मांडण्याची पद्धत मात्र चुकली. एका पत्रात तर त्यांनी वयाने मोठ्या जेरोम यांना आपलं मत जाहीरपणे मागे घ्यायचा सल्ला दिला.

त्यात नशिबानेही साथ दिली नाही. पहिलं पत्र नेणारा माणूस बिशप झाला, प्रवासाला निघालाच नाही आणि थोड्याच दिवसांत वारला. दुसरं पत्र नेणारा समुद्राला घाबरून मागेच राहिला. पत्राच्या नकला मात्र इटलीत फिरू लागल्या. जेरोम यांच्या ओळखीच्या एका सेवकाला एक नक्कल थेट एड्रियाटिक समुद्रातल्या बेटावर सापडली! ऑगस्टिन यांनी जेरोम यांच्याविरुद्ध पुस्तक लिहून रोमला पाठवलंय, अशी अफवाही उठली.

जेरोम भडकले. त्यांनी आधी विचारलं, हे पत्र खरंच तुमचं आहे का? मोठ्या माणसावर टीका करून नाव कमवायचा हा प्रकार आहे, असा टोमणाही मारला.

इथे ऑगस्टिन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. अफवा त्यांनी पसरवली नव्हती. त्यामुळे त्यांना सरळ हात झटकता आले असते, किंवा उलट वार करता आला असता. त्यांनी दोन्ही केलं नाही. पुस्तक लिहिल्याचा आरोप खोडला, पण पत्राने जेरोम दुखावले गेले याबद्दल माफी मागितली. आपलं कुठे चुकत असेल तर तुम्ही मला सुधारा, अशी विनंतीही केली. मूळ मुद्दा मात्र सोडला नाही.

साधारण 405 साली त्यांनी जेरोम यांना सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात त्यांचा एक विचार फार महत्त्वाचा आहे. अंत्युखियाच्या प्रसंगात आपण पौलाचं धाडस पाहतो. पण ऑगस्टिन यांच्या मते त्याहून दुर्मीळ आणि पवित्र उदाहरण पेत्राचं आहे. कारण तो ज्येष्ठ होता, आणि तरी मागून आलेल्याने दाखवलेली चूक त्याने नम्रपणे स्वीकारली. चूक दाखवणारे पुष्कळ असतात, ऐकून घेणारे थोडे.

दोघांचं नातं पुढे सुधारलं. पेलाजियसच्या शिकवणीविरुद्ध दोघे एकाच बाजूने उभे राहिले. पेत्राच्या प्रसंगाबद्दल जेरोम यांनी नंतर आपल्यासारखंच मत मांडलं, अशी नोंद खुद्द ऑगस्टिन यांनी केली आहे.

हिप्पोच्या मठातही त्यांनी हीच शिस्त ठेवली. त्यांच्या नावे असलेल्या मठाच्या नियमांत सांगितलंय की कुणाची चूक दिसली तर आधी त्याला एकट्याला सांगा. जखम लपवणं ही दया नव्हे. त्यांचे चरित्रकार पोसिदियस सांगतात की जेवणाच्या टेबलावर, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला इथे जागा नाही, अशा अर्थाच्या ओळी कोरल्या होत्या. एकदा पाहुणे आलेले बिशपच कुचाळक्या करू लागले. तेव्हा ऑगस्टिन यांनी सुनावलं की एकतर या ओळी पुसा, नाहीतर मी उठून जातो.

पण त्यांच्या आयुष्यात याची दुसरी बाजूही आहे. आफ्रिकेतल्या चर्चमध्ये डोनाटिस्ट गटाशी मोठी फूट पडली होती. सुरुवातीला ऑगस्टिन म्हणायचे, जबरदस्ती नको, चर्चेने पटवू. नंतर मात्र त्यांनी सरकारी कायद्याच्या बळाला पाठिंबा दिला. मृत्युदंडाला त्यांचा विरोध कायम होता. तरी पुढच्या काळात धर्माच्या नावाने सक्ती करणाऱ्यांनी त्यांच्याच लिखाणाचा आधार घेतला. समोरच्याने ऐकलं नाही तर काय करायचं, या प्रश्नावर त्यांचंही पाऊल घसरलं, असं आज अनेक अभ्यासक मानतात.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी एक वेगळंच काम हाती घेतलं. 426-427 च्या सुमारास त्यांनी स्वतःची जुनी पुस्तकं काढली आणि एकेक तपासली. कुठे चुकलो, कुठे अती बोललो, कुठे मत बदललं, हे लिहून काढलं. एकूण 93 ग्रंथांची ही तपासणी 'रिट्रॅक्टेशन्स' या नावाने ओळखली जाते. सगळं जग मानत असताना, कुणी मागणी केली नसताना, त्यांनी स्वतःच स्वतःच्या चुका जाहीर केल्या.

430 साली वँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. ऑगस्टिन तेव्हा तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत शेवटचे दिवस प्रार्थनेत काढले. 28 ऑगस्ट 430 ला ते गेले.

जेरोम यांना सुधारायला निघालेला तो तरुण धर्मगुरू शेवटी भिंतीकडे तोंड करून स्वतःचाच हिशेब तपासत होता.