स्वतः दुष्काळात आईवडील गमावले, पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलींची आई झाल्या : पंडिता रमाबाई

साल १८९६. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. माणसं अन्नावाचून मरत होती आणि निराधार मुलींचा फायदा घेणारे दलाल सगळीकडे फिरत होते. ही बातमी कळताच पंडिता रमाबाई पुण्याहून तिकडे निघाल्या.

त्याला कारणही तसंच होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

संस्कृतवरच्या प्रभुत्वामुळे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या होत्या. १८८० मध्ये लग्न झालं, पण दोनच वर्षांत पती वारले. पदरात लहानगी मनोरमा होती. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथून त्यांची दोन्हीकडून कोंडी सुरू झाली. पुण्यातले लोक धर्मांतरामुळे चिडले, तर इंग्लंडमधल्या चर्चच्या मंडळींना त्यांचा प्रश्न विचारण्याचा स्वभाव खटकत होता. रमाबाई कुणापुढेच झुकल्या नाहीत.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकल्या. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये वादळ उठलं. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

तरीही काम थांबलं नाही. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथं दीड हजारांच्या आसपास माणसं राहत होती. शेती, विणकाम, छापखाना अशी कामं मुलीच करायच्या. उपकारावर जगण्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा रमाबाईंचा आग्रह होता.

बायबलचं मराठी साध्या बायकांनाही कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि स्वतः भाषांतराला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. लेकीच्या दुःखातही त्यांनी भाषांतर पूर्ण केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

केडगावची मुक्ती मिशन आजही सुरू आहे.