पुरस्कार परत करणारे जी. ए.

नव्या पुस्तकांच्या आणि पुरस्कारांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि चार दिवसांत विसरतो. पण आपल्या सीमाभागातील एका लेखकाने हाती आलेला मोठा पुरस्कार परत केला, ही गोष्ट मराठी वाचक अजून विसरलेला नाही. ते लेखक म्हणजे श्रेष्ठ कथाकार जी. ए. कुलकर्णी.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे झाला. शिक्षण बेळगावात झाले. पुढे धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. म्हणजे भोवताली कन्नड, वर्गात इंग्रजी आणि लेखन मराठीत! १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन धारवाड त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले, तरी जी. ए. तिथेच राहिले आणि मराठीतच लिहीत राहिले. ते अविवाहित होते. सभा, सत्कार, भाषणे यांपासून ते कटाक्षाने दूर असत. मित्रांशी मात्र पत्रांतून भरभरून बोलत.

१९५९ साली त्यांचा ‘निळासावळा’ हा पहिला कथासंग्रह निघाला. मागोमाग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ आणि ‘रक्तचंदन’ आले. नियतीपुढे हतबल झालेली साधी माणसे त्यांनी अशी उभी केली की मराठी कथेची वाटच बदलली. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या कादंबऱ्याही त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. यांपैकी ‘गाव’च्या मूळ कादंबरीला १९५१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते.

त्यानंतर ‘काजळमाया’ आला आणि त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. धारवाडसाठी ते वर्ष भाग्याचेच म्हटले पाहिजे. त्याच वर्षाचा ज्ञानपीठ पुरस्कार ‘नाकु तंति’साठी द. रा. बेंद्रे यांना मिळाला. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण ते थोर कवी झाले कन्नडचे. एकाच गावात एक मराठी कथाकार आणि एक कन्नड कवी देशपातळीवर गौरवले गेले. भाषेवरून भांडणाऱ्या आपल्या भागाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पण ‘काजळमाया’चा आनंद निर्भेळ राहिला नाही. पुरस्कारासाठी ठरवलेल्या कालमर्यादेत हे पुस्तक बसते की नाही, असा वाद उठला. वाद पुस्तकाच्या गुणांबद्दल नव्हता, केवळ प्रकाशनाच्या तारखेबद्दल होता. जी. ए. गप्प बसले असते तरी चालले असते. वाद आपोआप शमला असता. त्यांनी मात्र पुरस्कार परत केला. त्या काळी पुरस्काराची रक्कम पाच हजार रुपये होती आणि एका प्राध्यापकाला ती लहान नव्हती.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हिशेबशास्त्रात एक नियम शिकतो. ज्या रकमेच्या हक्काबद्दल शंका आहे, ती उत्पन्न म्हणून धरू नये. परीक्षेत हा नियम लिहिणे सोपे, पण स्वतःच्या खिशाला लावणे कठीण. जी. एं.नी तो न शिकता पाळला असेच म्हणावे लागेल.

पुरस्कार गेला म्हणून लेखन थांबले नाही. १९७५ साली ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’, तर १९७७ साली ‘पिंगळावेळ’ प्रसिद्ध झाले. अखेरच्या काळात ते पुण्याला गेले आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ हे पुस्तक त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले. ‘कैरी’ या कथेवर अमोल पालेकरांनी चित्रपट काढला.

बेळगुंदी, कडोली, उचगाव अशा आपल्या खेड्यांतून मराठी साहित्य संमेलने भरतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि गर्दीही होते. त्या स्टॉलवर पुरस्काराची पट्टी पाहून पुस्तक उचलणारे पुष्कळ असतात. त्यांत गैर काही नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, या वेळी ‘काजळमाया’ उचलून पाहा. तो पुरस्कार लेखकाने परत केला, तरी पन्नास वर्षे वाचकांनी पुस्तक सोडलेले नाही. तसे का, हे पहिल्या दोन कथा वाचल्यावर तुमचे तुम्हांलाच कळेल.