शिंगाळ्याचा काटा आणि कर्नल साईक्स

मुळा-मुठेवर जाळे टाकणाऱ्या भोयाला शिंगाळ्याची ओळख पुस्तकातून होत नसे, बोटातून होई. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन, असे तीन काटे. मासा बिथरला की ते ताठ उभे करून अडकवून ठेवतो. या कुळातल्या अनेक माशांच्या काट्यावरील पातळ कातडीत विषाच्या पेशी असतात. काटा रुतताना कातडी फाटते आणि विष जखमेत उतरते. सापाचा दात नाही, विंचवाची नांगी नाही. पण ठणका असा की माणसाला काही सुचत नाही.

या माशाला शास्त्राच्या दप्तरात नोंदवले ते विल्यम हेन्री साईक्सने. १७९० चा जन्म, कोवळ्या वयात कंपनीच्या मुंबई फौजेत भरती. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या फौजेविरुद्ध उभा होता. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनच्या सांख्यिकी माहितीचे काम दिले आणि तलवारीच्या जागी वही आली. माणसे, जमिनी, हवामान, पक्षी, मासे, सगळे तिच्यात. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने हे काम बंद केले. साईक्सने रजा काढली आणि १८३१ च्या जानेवारीत ते पुरे केले! रजा काढून कचेरीचे काम करणारा साहेब मी बँकेतल्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यातली गंमत नावांत आहे. लॅटिनच्या जोडीला त्याने इथलेच शब्द बसवले: खुद्री, टाकरी आणि सींघाला. म्हणजे आपला शिंगाळा, शिंगे असलेला. जेत्या फौजेतला हा माणूस नदीकाठी मात्र शब्द विचारून घेत होता, हे मला खडकीच्या विजयापेक्षा मोठे वाटते. तरीही हिशेब पुरा होत नाही. त्या नावापुढे आजही साईक्स लागते. जाळ्यातून मासा सोडवताना ज्याचा हात सुजला, त्याचे नाव नाही.

पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात गेला, १८७२ मध्ये वारला. मुरारी चंडोलाला इंग्रजीत त्याचे नाव आहे, म्हणून पक्षिमित्र त्याला विसरत नाहीत. माशांचे विष मात्र मागेच राहिले. शिंगाळ्याच्या मोठ्या गणातल्या किमान साडेबाराशे जाती विषारी असाव्यात, असा अंदाज एका अमेरिकी अभ्यासकाने मांडला तो २००९ मध्ये. भोई त्याच्या कितीतरी आधीपासून मासा टोपलीत टाकण्यापूर्वी काटे मोडत आले आहेत.