संत फ्रान्सिस झेवियर व त्यांची मातृभाषा

जुन्या गोव्यांतील बॉम जेझसच्या देवळांत संत फ्रान्सिस झेवियर यांचें शव जतन करून ठेवलेलें आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु ह्या पुरुषाची मातृभाषा कोणती, असें विचारल्यास पुष्कळ लोक पोर्तुगीज किंवा स्पॅनिश असें उत्तर देतील. वस्तुतः ती बास्क होती. आणि ही गोष्ट ध्यानांत घेतल्यास त्यांचें चरित्र निराळेंच दिसूं लागतें, असें आम्हांस वाटतें.

स्पेन व फ्रान्स यांमधील पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोंकास, दोन्ही अंगांस, बास्क लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेचें नातें जगांतील दुसऱ्या कोणत्याही भाषेशीं पंडितांस निश्चित जोडतां आलेलें नाहीं. तींत 'एचे' म्हणजे घर व 'बेरी' म्हणजे नवें. ह्या दोन शब्दांपासून झेवियर हें स्थलनाम झालें. नव्हारा राज्यांतील त्या नांवाच्या गढींत ७ एप्रिल १५०६ रोजीं फ्रान्सिस जन्मले. वडील राजाचे मंत्री होते. परंतु १५१२ सालीं कॅस्टीलच्या सैन्यानें नव्हारा जिंकलें, १५१५ सालीं वडील वारले, आणि १५१६ सालीं जेत्यांनीं गढीचे बुरूज पाडविले. त्या 'नव्या घरा'ची अशी दुर्दशा झाली तेव्हां फ्रान्सिस अवघे दहा वर्षांचे होते.

१५२५ सालीं ते विद्याभ्यासासाठीं पॅरिसला गेले. तेथें पुढें इग्नेशियस लोयोला त्यांच्या खोलींत राहावयास आले. तेही बास्कच, परंतु १५२१ सालीं पांप्लोना येथील लढाईंत ते कॅस्टीलच्या बाजूनें लढले होते, व झेवियरांचे बंधु विरुद्ध पक्षांत होते. तरीही उभयतांचा स्नेह जडला, व १५३४ सालीं सात मित्रांनीं मिळून व्रत घेतलें. येशूसंघाचें मूळ तेंच.

६ मे १५४२ रोजीं झेवियर गोव्यास पोहोंचले. त्यांस सर्व भाषा आपोआप येत, अशी आख्यायिका आहे. त्यांचीं पत्रें निराळेंच सांगतात. तामिळ किनाऱ्यावरील मोतीं काढणाऱ्या लोकांत ते गेले, तेव्हां लोकांचें बोलणें त्यांस कळेना व त्यांचें लोकांस कळेना. आपली स्वतःची भाषा बास्क आहे, हें त्यांनीं १५४४ सालच्या पत्रांत मोकळेपणानें लिहिलें. मग दोन भाषा जाणणारे लोक जमवून त्यांनीं प्रार्थनांचें तामिळ भाषांतर करविलें, तें मुखोद्गत केलें, आणि घंटा वाजवीत ते मुलांस गोळा करूं लागले. योगायोग असा कीं, लगेच पुढच्या वर्षीं, १५४५ सालीं, बेर्नार्त एचेपारे ह्या धर्मगुरूंचें बास्क भाषेंतील पहिलें छापील पुस्तक बोर्दो येथें प्रसिद्ध झालें.

१५४९ सालीं ते जपानांत उतरले. तेथें दुभाष्याच्या भरंवशावर त्यांनीं ईश्वरासाठीं 'दाइनिचि' हा शब्द योजिला. तें तर एका बौद्ध पंथाच्या पूज्य बुद्धाचें नांव! चूक उमगतांच त्यांनीं तो शब्द टाकून दिला व लोकांसही तसें सांगितलें.

त्यांचें सर्वच करणें निर्दोष होतें असें आम्ही म्हणत नाहीं. गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापावी, अशी मागणी त्यांनीं १५४६ सालीं पोर्तुगालच्या राजाकडे केली, याबद्दल इतिहासकार त्यांस दोष देतात, व तो योग्यच आहे.

३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनजवळील एका बेटावर त्यांचा अंत झाला. जवळ असलेल्या चिनी सोबत्यास त्यांचे कांहीं शब्द कळले नाहींत. ते बास्क असावेत, असा चरित्रकारांचा तर्क आहे.

विद्यार्थिमित्रांनो, घरीं निराळी भाषा बोलणारें एखादें मूल तुमच्या वर्गांत असेल. तें अडखळलें तर त्यास हंसूं नका. पॅरिसचा हा पदवीधरही परक्या किनाऱ्यावर असाच अडखळत उभा होता, व मुलांच्या भाषेचा विद्यार्थी झाल्यावरच तो त्यांस शिकवूं शकला.