मातांचा त्राता

व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी डॅन्यूब नदीच्या काठी वसलेली आहे. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली तेथे एक विशाल रुग्णालय उघडले. पुढे या रुग्णालयाची कीर्ती सर्वदूर पसरली आणि देशोदेशींचे विद्यार्थी वैद्यक शिकण्यासाठी तेथे येऊ लागले. रुग्णालयाला जोडून एक मोठे सूतिकागृह होते. तेथे गोरगरीब स्त्रियांची प्रसूती विनामूल्य होत असे. त्याच्या मोबदल्यात या स्त्रियांना तपासून विद्यार्थ्यांनी आपली विद्या शिकावी, अशी तेथील पद्धत होती.

या सूतिकागृहाचे दोन विभाग होते. १८४० नंतर पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या विभागात सुइणींना शिक्षण मिळे. स्त्रियांना आलटून पालटून, ठरलेल्या वाराप्रमाणे, एका किंवा दुसऱ्या विभागात प्रवेश मिळत असे. परंतु आपली पाळी पहिल्या विभागात आली आहे असे कळताच स्त्रिया गर्भगळीत होत, हात जोडून दुसरा विभाग मागत. त्यांचे भय खोटे नव्हते. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ माता दगावल्या; दुसऱ्या विभागात ३७५४ प्रसूतींमध्ये १०५ माता दगावल्या. एकच रुग्णालय, एकच नगर, एकच हवा. आणि तरीही मृत्यूच्या संख्येत एवढे अंतर! या रोगाला सूतिकाज्वर म्हणत. बाळाला जन्म देऊन दोन-चार दिवस होतात न होतात तोच आईला तीव्र ज्वर चढे आणि बहुधा ती त्यातून उठत नसे.

हे कोडे ज्याने सोडवले, त्याचे नाव इग्नाझ सेमेलवाइस.

सेमेलवाइसचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या गावी झाला. आज बुडा आणि पलीकडच्या तीरावरील पेस्ट मिळून बुडापेस्ट हे नगर झाले आहे. त्याचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. मुलाने कायद्याचा अभ्यास करावा म्हणून १८३७ साली त्याला व्हिएन्नाला पाठवण्यात आले. पण तेथे त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले आणि त्याने आपला मार्ग बदलला. १८४४ साली तो डॉक्टर झाला. दोन वर्षांनी प्राध्यापक क्लाइन यांचा साहाय्यक म्हणून तो सूतिकागृहाच्या पहिल्या विभागात रुजू झाला. ज्या विभागाच्या नावानेच स्त्रियांना कापरे भरे, तो हाच विभाग.

सेमेलवाइस मोठा कष्टाळू होता. सकाळी प्राध्यापक येण्यापूर्वी तो शवविच्छेदनगृहात जाई आणि सूतिकाज्वराने मृत झालेल्या स्त्रियांच्या शवांचे विच्छेदन करून रोगाचे मूळ शोधीत बसे. त्यानंतर तो विभागात येई, रुग्ण तपाशी आणि विद्यार्थ्यांना शिकवी. या क्रमात त्याने कधी आळस केला नाही. तरीही मृत्यू थांबेनात. दररोज नव्या शवाची भर पडे आणि त्याचे मन तिळतिळ तुटत असे.

मृत्यूची ही संख्या पाहून सरकारने चौकशी समिती नेमली. विद्यार्थी, विशेषतः परदेशी विद्यार्थी, रुग्णांना तपासताना धसमुसळेपणा करतात, असा निष्कर्ष समितीने काढला. मग नियम झाला. विभागात येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ४२ वरून २० वर आणली गेली आणि परदेशी विद्यार्थ्यांना जवळजवळ दार बंद झाले. काही महिने मृत्यू कमी झाले आणि नियम फळाला आला असे सर्वांना वाटले. पण एप्रिल १८४७ मध्ये ३१२ मातांपैकी ५७ माता मृत्यू पावल्या. विद्यार्थी कमी झाले होते, परंतु रोग होता तेथेच होता. ज्या नियमाला खऱ्या कारणाचा आधार नाही, तो कितीही कडक असला तरी व्यर्थ जातो.

सेमेलवाइसने आपल्या परीने एकेक शंका तपासून पाहिली. दोष हवेचा म्हणावा, तर दोन्ही विभागांची हवा एकच होती. गर्दीचा म्हणावा, तर गर्दी दुसऱ्या विभागातच अधिक असे. मरणासन्न रुग्णाकडे जाणारे धर्मगुरू पहिल्या विभागाच्या खोल्यांतून घंटेच्या नादात जात. त्या घंटेच्या भीतीने स्त्रिया आजारी पडतात की काय, असा विचार करून त्याने धर्मगुरूंना दुसऱ्या वाटेने आणि घंटा न वाजवता जाण्याची विनंती केली. तेही करून झाले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

याच सुमारास एक दुःखद घटना घडली. १८४७ च्या मार्च महिन्यात सेमेलवाइस व्हेनिसचा प्रवास करून परतला, तेव्हा त्याचे आदरणीय स्नेही प्राध्यापक कोलेच्का हे निवर्तल्याचे त्याला समजले. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले होते. जखम क्षुल्लक होती, पण तिच्यातून विष अंगात भिनले आणि त्यांचा अंत झाला. सेमेलवाइसने त्यांच्या शवपरीक्षेचा वृत्तांत वाचला आणि तो चकित झाला. कोलेच्का यांच्या शरीरात जे विकार आढळले होते, तेच विकार त्याने सूतिकाज्वराने मेलेल्या शेकडो स्त्रियांच्या शवांत पाहिले होते!

आता त्याला सारे स्पष्ट दिसू लागले. कोलेच्का यांच्या देहात शवातील विष सुरीने गेले. मग त्या मातांच्या देहात ते कशाने गेले? डॉक्टरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातांनी! शवविच्छेदन करून ते साबणाने हात धुवून येत, पण हातांना शवाची दुर्गंधी तशीच राही. तेच हात घेऊन ते प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना तपाशीत. दुसऱ्या विभागातील सुइणी शवविच्छेदन करीत नसत, म्हणूनच तेथे मृत्यू कमी होते.

या शोधाने सेमेलवाइसला आनंद झाला, पण त्याहून मोठे दुःख झाले. शवविच्छेदनगृहात सर्वांत नियमितपणे जाणारा कोण? तो स्वतः! रुग्णांचे प्राण वाचावेत म्हणून तो रोज पहाटेपासून झटत होता आणि त्याच उद्योगाने, नकळत, त्याच्या हातून मृत्यू वाटला जात होता. दुसरा एखादा हे सत्य मनातल्या मनात दडपून बसला असता. सेमेलवाइसने ते दडपले नाही. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली मरण पावल्या हे ईश्वरालाच ठाऊक, अशी कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात दिली.

१८४७ च्या मे महिन्याच्या मध्यास त्याने विभागासाठी एक नियम केला. क्लोरीनच्या द्रवाचे पात्र विभागात ठेवण्यात आले. शवविच्छेदन करून येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विद्यार्थी असो वा डॉक्टर, त्या द्रवात हात धुतल्यावाचून कोणाही स्त्रीला स्पर्श करू नये, असा तो नियम होता. क्लोरीनचा द्रव महाग पडे, म्हणून पुढे विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे, पाणी वापरण्यात येऊ लागले. शवाचा वास जाईपर्यंत हात धुवावे लागत. त्या पाण्याने कातडी झोंबे, वेळही मोडे. काही जणांना हा नसता जाच वाटला. आम्ही सुशिक्षित माणसे. आमचे हात अस्वच्छ कसे, असा अभिमान पुष्कळांच्या मनात होता. सेमेलवाइसने कोणालाही सूट दिली नाही, स्वतःलाही नाही.

परिणाम पाहून सर्व थक्क झाले. जून महिन्यात २६८ मातांपैकी ६ दगावल्या आणि जुलैमध्ये २५० पैकी केवळ ३. औषध नवे नव्हते, इमारत नवी नव्हती, विद्यार्थीही तेच होते. बदलले होते ते एकच : रुग्णाजवळ जाण्यापूर्वीचे त्यांचे वर्तन.

ऑक्टोबरात मात्र पुन्हा संकट ओढवले. पहिल्या खाटेवर एक स्त्री होती. तिला प्रसूतीबरोबरच आतील एका जुन्या व्रणाचा रोग होता. रुग्णतपासणी नेहमी त्याच खाटेपासून सुरू होई. तिला तपासल्यावर पुढील रुग्णांकडे जाताना हात केवळ साबणाने धुतले जात. त्या वेळी तेथे प्रसूत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा मृत्यू पावल्या. सेमेलवाइसने यातूनही बोध घेतला. विष केवळ शवातून येते असे नाही. जिवंत रुग्णाच्या सडलेल्या व्रणातूनही ते हातांवाटे पसरते. विभागात शिरताना एकदा हात धुणे पुरेसे नव्हते. अशा रुग्णाला तपासल्यावर पुढच्या रुग्णापूर्वी पुन्हा हात धुतलेच पाहिजेत, असे त्याने ठरवले. आपला नियम अपुरा आहे हे मान्य करून तो सुधारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १८४८ साली पहिल्या विभागात ३५५६ मातांपैकी केवळ ४५ दगावल्या आणि त्या वर्षी दोन महिने तर असे गेले की त्यांत एकही माता दगावली नाही.

एवढे यश मिळाल्यावर जगाने सेमेलवाइसला डोक्यावर घेतले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. हेब्रा, श्कोडा आणि रोकितान्स्की यांसारख्या थोर वैद्यांनी त्याची बाजू घेतली. परंतु पुष्कळांना, आपल्याच हातांनी रुग्ण मेले, हे मानणे अवघड गेले. प्राध्यापक क्लाइन त्याच्या विरुद्ध होते. १८४९ साली त्याच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही. पुढे शिकवण्याची परवानगी मिळाली ती केवळ पुतळ्यावर शिकवण्याची. अपमानाने व्यथित होऊन १८५० साली तो कोणाचा निरोपही न घेता व्हिएन्ना सोडून गेला.

मायदेशी पेस्ट येथील सेंट रोकुस रुग्णालयात त्याने तोच नियम चालू केला. तेथे सुमारे सहा वर्षांत ९३३ प्रसूती झाल्या आणि सूतिकाज्वराने फक्त ८ माता दगावल्या. १८५५ साली तो पेस्टच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे न धुतलेल्या चादरी पुन्हा अंथरल्या जात. त्यांमुळे रोग पसरतो हे ध्यानात येताच त्याने स्वच्छ वस्त्रांचा आग्रह धरला.

सेमेलवाइसच्या स्वभावात एक उणीव होती आणि तिची फार मोठी किंमत द्यावी लागली. त्याला लिहिण्याचा कंटाळा होता. आपला शोध त्याने वेळीच, शांतपणे, सप्रमाण लिहून जगापुढे मांडला नाही. त्याचा ग्रंथ १८६१ साली, म्हणजे शोधानंतर चौदा वर्षांनी प्रसिद्ध झाला. तोवर विरोधकांचे मत घट्ट झाले होते. मग त्याचा संयम सुटला. न ऐकणाऱ्या प्राध्यापकांना त्याने उघड पत्रे लिहिली आणि त्यांत त्यांना खुनी ठरवले. त्याची तळमळ खरी होती, पण कठोर शब्दांनी मने वळली नाहीत. ती अधिकच दुरावली. आणि इकडे माता मरतच राहिल्या.

शेवटी त्याची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळली. १८६५ च्या जुलै महिन्यात त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे त्याला मायेची वागणूक मिळाली नाही. अंगावरची जखम चिघळून तिचे विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ज्या विषाशी तो जन्मभर झुंजला, त्याच जातीच्या विषाने त्याचा बळी घेतला.

योगायोग असा, की त्याच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी स्कॉटलंडमधील ग्लासगो नगरात जोसेफ लिस्टर नावाच्या शस्त्रवैद्याने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली. ती जखम चिघळली नाही आणि मुलगा बरा झाला. १८६७ साली लिस्टरने आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १८७९ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चरने सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले. सेमेलवाइसने न पाहता ज्या विषाचा माग काढला होता, ते आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. मग जगाला त्याची आठवण झाली. आज बुडापेस्टमधील वैद्यकीय विद्यापीठ त्याच्या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या जन्मघरात वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे.

आज कोणत्याही देशात शस्त्रक्रियेचे काम शिकण्यास गेलेल्या विद्यार्थ्याला, तो डॉक्टर होणार असो, परिचारिका होणार असो वा शस्त्रक्रियागृहातील साहाय्यक होणार असो, प्रथम हात धुण्यास शिकवतात. त्याने वेळेवर हजर राहावे, ठरलेला वेष घालावा, कोपरापर्यंत हात धुवावेत आणि त्यानंतर कोणत्याही अस्वच्छ वस्तूला स्पर्श करू नये. चुकून स्पर्श झालाच, तर कोणी पाहिले नसले तरी स्वतः होऊन सांगावे आणि पुन्हा आरंभापासून हात धुवावेत. पाहणाऱ्याला हे नियम क्षुल्लक वाटतील. पण त्या प्रत्येक नियमामागे व्हिएन्नाच्या सूतिकागृहातील माता उभ्या आहेत. बेशुद्ध होऊन टेबलावर पडलेल्या रुग्णाला कोणी हात धुतले आणि कोणी धुतले नाहीत, हे कळत नसते. ते फक्त हात धुणाऱ्यालाच ठाऊक असते.

सेमेलवाइसने नियमाचा आरंभ दुसऱ्याच्या हातांपासून केला नाही. स्वतःच्या हातांपासून केला. त्याचे मोठेपण यातच आहे.