पन्नास सह्यांचे काका

कॉलेजात निवेदन घेऊन ऑफिसात गेलात की पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय? बहुतेक वेळा आपण तिथेच गडबडतो. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलाने याचं उत्तर आधीच लेखी तयार ठेवलं होतं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुण्यात येऊन ते वकील झाले. तेव्हा नगरपालिकेत सभासद नेमायचे ते सरकारनेच; लोकांनी मत देण्याची भानगडच नव्हती. अशात पर्वती देवस्थानच्या कारभारावरून शहरात कुरबुर सुरू झाली. तक्रार सगळ्यांची, पण ती मांडायची कोणी? त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. काका तिचे चालक, आणि धावपळही त्यांचीच.

सभेचा एक नियम खास वकिली डोक्यातून आलेला वाटतो. सभासद व्हायचंय? मग किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणा. म्हणजे आधी दारोदार फिरा, लोकांना पटवा, मग बोला. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे अशी सुमारे ६,००० माणसं होती. मतपेटी नसलेल्या शहरात ही जवळपास निवडणूकच झाली की!

अर्थात सभेत वजन होतं ते सरदार, सावकार आणि वकिलांचं, त्यातही ब्राह्मणांचं. जोतीराव फुल्यांनी यावर कडक टीका केली, आणि ती खोटी म्हणता येत नाही. गंमत बघा, फुले स्वतः १८७६ पासून सरकारनियुक्त सभासद म्हणून नगरपालिकेत बसत होते आणि तिथे गरिबांची बाजू मांडत होते.

न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये पुण्यात आले आणि सभेच्या अर्जांना अभ्यासाची जोड मिळाली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, तिथली हकिगत गोळा करून सरकारला कळवत राहिली. काका मात्र कागदावर थांबणारे नव्हते. स्वदेशी मालाचा त्यांनी ध्यासच घेतला. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिक जरीत चमकत असताना हे सभेचे प्रतिनिधी हातमागाच्या साध्या, जाड्याभरड्या कपड्यांत हजर! पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला भरला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घ्यायला लोक बिचकत होते. काकांनी घेतलं.

२५ जुलै १८८० रोजी ते गेले. शहरांच्या कारभारात लोकांनी निवडलेली माणसं असावीत, हा लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ मध्ये आला. दोन वर्षांनी उशीर झाला.